न दुखणारे दुखणे

घरात आपण ‘मूत्रपिंड’ म्हणतो. लष्करातील कोणत्याही दवाखान्याची पायरी चढलो की त्याचाच ‘गुर्दा’ होतो, आणि डॉक्टरांच्या कागदावर ती ‘किडनी’ असते. एकाच अवयवाला तीन नावे देणाऱ्या आम्हां ग्वाल्हेरकर मराठी मंडळींची त्याच्याशी खरी ओळख मात्र बहुधा तो निकामी झाल्यावरच होते. हा विलंब केवळ आपल्या निष्काळजीपणाचा नव्हे. या अवयवाचा स्वभावच मुका आहे, आणि त्याचे मौन ओळखायला वैद्यकशास्त्रालाही शतके लागली.

आपल्या प्राचीन वैद्यकात ‘वृक्क’ हा शब्द आहे. परंतु चरकसंहितेत वृक्कांचा संबंध मेदाशी जोडलेला आहे, मूत्राचा विचार होतो तो बस्तीच्या अंगाने. तरीही मूत्राचे निरीक्षण त्या वैद्यांनी बारकाईने केले. प्रमेहाचे वीस प्रकार त्यांनी वर्णिले आणि काही रुग्णांच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हेही नोंदविले. अवयव अनोळखी होता, पण त्याची खबर कोठे मिळते हे ठाऊक होते. पुढे १८२७ मध्ये लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी तीन गोष्टींची सांगड घातली : अंगावरील सूज, तापविल्यावर गढूळ होणारे मूत्र आणि मृत्यूनंतर दिसून येणारी रोगट मूत्रपिंडे. चमचाभर मूत्र मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावे आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका दिसतो का ते पाहावे, इतकी साधी ती परीक्षा होती. शरीराने राखून ठेवावयाचे प्रथिन बाहेर सांडते आहे, हे तीवरून कळे.

निदान हाती आले, उपाय मात्र नव्हता. आपल्या गावात १८९९ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत जयारोग्य रुग्णालय उभे राहिले आणि जयाजीरावांचे नाव आरोग्याशी कायमचे जोडले गेले. जिवाजीरावांच्या काळात, १९४६ साली, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळातील निष्णात डॉक्टरही मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णाला मीठ वर्ज्य करणे, सूज उतरविण्याचा यत्न करणे आणि विश्रांती सांगणे यांपलीकडे फारसे काही देऊ शकत नव्हते. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये रक्तशुद्धीचे यंत्र प्रथम रुग्णावर चालविले होते खरे. पण ते जगाच्या एका कोपऱ्यातील धाडस होते. वर्षानुवर्षे डायलिसिस करता येईल अशी सोय १९६० मध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी केली, तेव्हा कोठे या आजाराचा रुग्ण ‘जगू शकणारा’ ठरला.

भारतातील सामान्य माणसाच्या कानावर डायलिसिस हा शब्द आला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत अटकेत असताना, चंडीगडच्या रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. तेथे डॉ. एम. के. मणी यांनी त्यांच्यावर उपचार केले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत जयप्रकाशजींचे आयुष्य यंत्राच्या आधाराने चालले, आणि त्याच अवधीत देशात सत्तांतरही घडून आले. मूत्रपिंडे गेली म्हणजे कर्तृत्व संपले, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली.

दुसरे उदाहरण तर आपल्या गल्लीतले. शिंदे की छावणीत वाढलेले, गोरखी शाळेत आणि व्हिक्टोरिया महाविद्यालयात शिकलेले अटलबिहारी वाजपेयी हेही मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त होते. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांनी अटलजींचा समावेश संयुक्त राष्ट्रसंघात जाणाऱ्या शिष्टमंडळात केला, तो न्यूयॉर्कमध्ये त्यांना उपचार घेता यावेत म्हणून. राजीवजींच्या मृत्यूनंतर ही हकिकत अटलजींनीच सांगितली. विरोधकाच्या सौजन्याची कथा म्हणून ती आपण आवडीने सांगतो. तिची दुसरी बाजू अशी, की त्या काळी देशातील एका प्रमुख नेत्यालाही उपचारासाठी सातासमुद्रापार जावे लागले. अटलजी दीर्घकाळ एकाच कार्यरत मूत्रपिंडावर जगले, देश चालविला, आणि १६ ऑगस्ट २०१८ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरे नाव सुषमा स्वराज यांचे. विदिशा, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील भेलसा, हा त्यांचा मतदारसंघ. परराष्ट्रमंत्री असताना नोव्हेंबर २०१६ मध्ये आपली मूत्रपिंडे निकामी झाली असून डायलिसिस चालू आहे, हे त्यांनी स्वतःच देशाला कळविले. १० डिसेंबरला एम्समध्ये त्यांच्यावर प्रत्यारोपण झाले आणि काही आठवड्यांनी त्या कामावर परतल्या. परदेशी जाण्याची गरज आता उरली नव्हती.

चाळीस वर्षांत उपचार असे जवळ आले. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेली. आपल्या जयारोग्य समूहातही सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभे राहिले. तथापि डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, आणि तेही आयुष्यभर. ज्या वाड्यांत एके काळी पंगती उठत, तेथे आज दोनच वृद्ध जीव राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून दूर. त्या दोघांपैकी एकाला आठवड्यातून तीनदा कोण घेऊन जाणार? आम्हांला वाटते, हा प्रश्न यंत्रांच्या संख्येहून अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच तो उद्भवू नये यासाठी झटणे हेच शहाणपण.

येथे पुन्हा डॉ. मणी यांची आठवण होते. प्रत्यारोपण आणि डायलिसिस यांत हयात घालविलेल्या या डॉक्टरांनी पुढे चेन्नईजवळच्या खेड्यांत वेगळाच प्रयोग केला. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जात, रक्तदाब मोजत आणि मूत्रातील प्रथिन व साखर तपासत. दोष आढळला की स्वस्तातली साधी औषधे सुरू होत. महागड्या यंत्रांपाशी वर्षे काढलेला माणूस अखेर ब्राइटच्या चमच्याकडे वळला, यातच या इतिहासाचे सार आहे.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर टाकतात. त्यांची राखीव शक्ती इतकी मोठी, की निम्मे काम बंद पडले तरी रुग्णाला काही जाणवत नाही. पायावर सूज, अरुची, धाप ही लक्षणे उशिरा येतात. म्हणून ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे, किंवा जे सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नित्य घेतात, त्यांनी वर्षातून एकदा तीन गोष्टी कराव्यात : रक्तदाब मोजावा, मूत्रातील अल्ब्युमिनचे प्रमाण पाहावे आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून त्यावरून गाळण्याचा वेग काढून घ्यावा. क्रिएटिनिनचा आकडा एकटा फसवा असतो. वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून काढलेला वेग अधिक खरे बोलतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर विकार दीर्घकालीन समजतात. ३० च्या खाली गेला, झपाट्याने घसरू लागला, किंवा मूत्रातून प्रथिन फार जाऊ लागले वा रक्त दिसले, तर नेफ्रॉलॉजिस्टला गाठावे. मुतखड्याचे शल्यविशारद वेगळे आणि हे वेगळे, हा भेदही ध्यानात ठेवावा. वेळीच गाठले तर आजची औषधे ही घसरण पुष्कळ मंदावू शकतात.

आमच्या पिढीतील अनेकांना घरातील ती परीक्षानळी आठवत असेल. वडीलधारी मंडळी बेनेडिक्टच्या निळ्या द्रवात आठ थेंब मूत्र टाकून ते उकळीत. निळे राहिले तर समाधान. हिरवे, पिवळे आणि शेवटी विटकरी झाले की त्या दिवशीचे गोड बंद. त्यात कोणाला संकोच वाटत नसे. ती नळी गेली, हरकत नाही. तिच्याहून चांगल्या तपासण्या आल्या. पण तिच्यामागचा नेम गेला, तो मात्र परत आणावयास हवा. येत्या दिवाळीला मुले घरी येतील, तेव्हा फराळाआधी एकदा सर्वांनी मिळून प्रयोगशाळेची पायरी चढावी, एवढेच आमचे मागणे आहे.