'हेअर' आणि लॉर्ड चेंबरलेनची निळी पेन्सिल

(थ्रेड) २६ सप्टेंबर १९६८ रोजी ब्रिटनमधील नाटकांची २३१ वर्षांची सेन्सॉरशिप संपली. दुसऱ्याच रात्री लंडनच्या शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये 'हेअर' या अमेरिकन रॉक म्युझिकलचा शुभारंभ झाला. हा योगायोग नव्हता. नवा कायदा अमलात येईपर्यंत निर्मात्यांनी तो मुद्दाम लांबवला होता.

मूळ कायदा १७३७ चा. पंतप्रधान वॉलपोल यांची रंगमंचावर होणारी टवाळी बंद पाडणे, हा त्यामागील सरळ हेतू. तेव्हापासून नव्या नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयात धाडावी लागे. हा राजदरबारातील अधिकारी. राजघराण्याचे समारंभ आणि देशातील नाटके, दोन्ही त्याच्याच अखत्यारीत! शिव्या, समलैंगिकता, हयात राजघराण्यातील व्यक्ती, सर्वांवर त्याची निळी पेन्सिल फिरे. नग्नतेविषयीचा दंडक तर फारच मासलेवाईक होता. विंडमिल थिएटरमधील विवस्त्र स्त्रिया पुतळ्यासारख्या निश्चल उभ्या राहिल्या, तर ती कला. हलल्या, तर अश्लीलता.

'हेअर'ची कीर्ती पसरली ती पहिल्या अंकाच्या अखेरीस येणाऱ्या नग्न दृश्यामुळे. ते अंधुक प्रकाशात, काही क्षणांचेच असे. आणि त्यात नट बहुतांशी स्तब्धच उभे असत. म्हणजे विंडमिलचा निकष लावला असता, तर कदाचित हेच दृश्य पेन्सिलीतून सुटले असते.

खरी अडचण अधिक खोल होती. परवाना मिळे तो कागदावरील शब्दांना. मंजूर संहितेबाहेरचे वाक्य उच्चारणे हा गुन्हा होता. जोन लिटलवूड यांच्या थिएटर वर्कशॉपला १९५८ मध्ये नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे नटांच्या उत्स्फूर्त संवादांसाठी, न्यायालयात दंड झाला होता. जेरोम रॅग्नी व जेम्स रॅडो यांनी लिहिलेले आणि गॉल्ट मॅकडरमॉट यांनी संगीतबद्ध केलेले 'हेअर' तर उत्स्फूर्ततेवरच उभे होते. क्लॉड या तरुणाला व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या लष्करभरतीचे बोलावणे येते, एवढेच त्याचे कथासूत्र. बाकी सारा खेळ दिग्दर्शक टॉम ओहॉर्गन यांनी रचलेला: नट प्रेक्षागृहात उतरत, प्रेक्षक शेवटी रंगमंचावर चढून नाचत. असा प्रयोग आगाऊ तपासायचा तरी कसा?

समीक्षकांत फूट पडली. 'टाइम्स'च्या अर्विंग वॉर्डल यांना तो भावला. 'डेली टेलिग्राफ'चे बुजुर्ग डब्ल्यू. ए. डार्लिंग्टन कंटाळले. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. १९६९ मध्ये राजकन्या ॲन रंगमंचावर जाऊन नाचल्याचे छायाचित्र जगभर गेले. ज्या दरबाराचा अधिकारी कालपर्यंत परवाने देत होता, त्याच दरबाराची ही कन्या!

लंडनमधील प्रयोग सेन्सॉरने नव्हे, छताने थांबवले. जुलै १९७३ मध्ये थिएटरच्या छताचा भाग कोसळला, तेव्हा १,९९७ प्रयोग झाले होते. जागेवर नवे बांधकाम होणार, अशी चिन्हे दिसताच नटांच्या संघटनेने मोहीम उभारली आणि पुढील वर्षी ही वास्तू संरक्षित यादीत गेली.

खुद्द अमेरिकेत लढाई अजून चालूच होती. टेनेसीतील चॅटनूगा शहराच्या नाट्यगृह मंडळाने प्रयोग न पाहताच सभागृह नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९७५ मध्ये न्या. ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या निकालाने मंडळाला चूक ठरवले. मुद्दा नाटक चांगले की वाईट, हा नव्हताच. पुरेशी न्यायिक तपासणी नसताना प्रयोग आधीच रोखता येत नाही, हे त्या निकालाचे सार.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. शाफ्ट्सबरीत 'हेअर' सुरू असतानाच, १९७२ मध्ये, मुंबईत विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' परिनिरीक्षण मंडळाच्या काटछाटीत अडकले होते. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नाटक सुटले, मंडळ राहिले. संहिता आधी मंडळाकडे पाठवण्याची पद्धत महाराष्ट्रात चालूच राहिली, आणि २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी त्याच पूर्वपरीक्षणाला पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.