निफाडची थंडी: गव्हाला हवी, द्राक्षाला नको

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलले तेच आहे, फक्त मधले "म्हणजे", "अरे हो" थोडे कमी केलेत.

दर डिसेंबरात एक बातमी तुमच्या फोनवर येतेच. "निफाड गारठले." सोबत धुक्यातल्या रस्त्याचा, नाहीतर शेकोटीचा फोटो. २०१८ च्या डिसेंबरअखेर आणि मग जानेवारी २०२० मध्ये पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला, तेव्हा पानांवर गोठलेल्या दवाचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. मुंबई-पुण्यातले आपण म्हणालो, "वा, महाराष्ट्रात बर्फ!" आणि पुढे स्क्रोल केलं.

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. त्या आकड्याचा त्या घरात काय अर्थ होतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण हा अर्थ कायम असा नव्हता, हे आजीशी बोलताना कळलं. आजीच्या तरुणपणी थंडी पडली की घरात आनंद व्हायचा. आज त्याच घरात थंडी पडली की मामाला झोप लागत नाही. गाव तेच, नदी तीच, जमीन तीच. मधे काय झालं? आजचा भाग त्यावर.

आधी तो आकडा

बातमीतलं तापमान येतं ते बहुतेक वेळा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. म्हणजे महाराष्ट्राला थंडीचा आकडा देणारी जागा मुळात गव्हासाठी उभी आहे. "त्र्यंबक", "तपोवन", "गोदावरी" हे गव्हाचे वाण निफाडचेच. त्यांच्या सरकारी नावात सुरुवातीला एनआय अशी अक्षरं असतात, ती निफाडची.

इथे एवढी थंडी का? हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि रात्र लांब. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, आणि ती अडवायला ढग नसतात. गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. गोदावरी-कादवाचं हे मोकळं, सपाट खोरं अशा हवेला सोयीचं. त्यात उत्तरेकडून गार वारे आले की पारा झपकन उतरतो.

गव्हाला हे हवंच असतं. गार रात्री मिळाल्या तर फुटवे चांगले येतात, दाणा सावकाश भरतो आणि वजनदार होतो. थंडी लवकर सरली तर पीक घाईत पिकतं आणि दाणा बारीक राहतो. आजी म्हणते, "थंडी पडली का तुझे आजोबा खूश. घोंगडी पांघरून बांधावर जायचे अन् येऊन सांगायचे, गहू पोसतोय."

आजीचा हिवाळा

तेव्हाचा हिवाळा म्हणजे आराम, असं मात्र समजू नका. बाजरी काढून खळ्यावर आलेली. गहू-हरभऱ्याला विहिरीवर बैलांची मोट लावून पाणी द्यायचं. आणि बायकांचा दिवस सुरू व्हायचा जात्यावर. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत घरातल्या दहा-बारा माणसांच्या भाकरीचं पीठ पहाटे अंधारात दळावं लागायचं. आजी सांगते, जातं ओढताना घाम यायचा, म्हणून थंडीतलं दळण उन्हाळ्यापेक्षा बरं.

त्या दळणातून ओव्या आल्या. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात आज एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

वेल आला

नाशिकच्या द्राक्षांच्या इतिहासात एक साल हमखास सांगितलं जातं: १९२५. निफाड तालुक्यातल्या ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली. आजच्या नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे २०२५ ला या गोष्टीची शंभरी झाली.

महाराष्ट्राला द्राक्षं मात्र त्याआधीपासून माहीत होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याला हे नवल का वाटलं? कारण थंड देशात द्राक्षाचा वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो आणि वसंतात उठतो. आपल्याकडची थंडी त्याला झोपवण्याइतकी कडक नसते, त्यामुळे वेल वाढतच राहतो.

मग त्याला शिस्त लावते ती कात्री. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पुढच्या फळाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यातून घड येतात. दोनदा छाटायचं आणि एकदाच फळ घ्यायचं. गोडी छाटणीपासून सुमारे चार महिन्यांनी द्राक्षं तयार. आता हिशोब करा. ऑक्टोबरला छाटलं की डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, मणी फुगण्याच्या अवस्थेत असतो. आजोबांच्या गव्हाला थंडी हवी असायची, त्याच दिवसांत मामाच्या मण्याला ती नको असते.

सुरुवातीच्या बागांमध्ये भोकरी, फकडी अशा बियांच्या जाती असत. १९६० च्या दशकात थॉम्पसन सीडलेस आलं. नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन या बागायतदाराचं, पण जात मुळात पश्चिम आशियातली, बेदाण्याची. बी नसलेली द्राक्षं खायला छान, पण बी नसल्यामुळे मणी बारीक राहतो. मणी वाढवणारं संप्रेरक बी तयार करतं. तेच नाही तर फुगणार कसं?

याचं उत्तर आलं जपानच्या भातशेतीतून. तिथे एका बुरशीमुळे भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून मरायची. १९२६ मध्ये कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवलं की ही करामत बुरशी सोडत असलेल्या एका द्रव्याची आहे. तेच पुढे जिब्रेलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. निफाडमध्ये त्याला कुणी एवढ्या लांब नावाने हाक मारत नाही. "जीए" म्हणतात. मगमध्ये जीएचं पाणी घ्यायचं आणि घड त्यात बुडवायचा. एक घड, मग दुसरा, मग तिसरा. एकरात हजारो घड. यालाच डिपिंग म्हणतात, आणि ते याच थंडीच्या दिवसांत येतं.

मामीचा हिवाळा

आजचा दिवस सांगते. पहाटे मामी सगळ्यात आधी उठते. चूल, बंबाचं पाणी, गाईंचं दूध, डेअरीची किटली. बाजरीच्या भाकरी सकाळीच थापून ठेवायच्या, कारण दुपारी वेळ नसतो. सोबत मेथी नाहीतर वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आठच्या सुमाराला मजुरांची पिकअप येते आणि मामी कात्री घेऊन बागेत शिरते.

काम विरळणीचं. घडात मणी दाटीने लागतात. छोट्या टोकदार कात्रीने जादा मणी काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. युरोपला जाणाऱ्या मालाला साधारण १८ मिलीमीटरचा मणी लागतो, त्यासाठी मापाची रिंग असते. मान वर करून, हात वर धरून दिवसभर तेच. सकाळी वेलीवर दव असतं. बाह्या भिजतात, बोटं बधिर होतात. मधेच भोगी येते. तीळ लावलेली भाकरी, सगळ्या शेंगांची मिसळीची भाजी व्हायलाच हवी, मग ती रात्रीच निवडून ठेवायची. शेजारच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. आमच्या घरातली पोरं पतंग बघतात ती बागेच्या तारांमधून.

मामाची पाळी रात्रीची. पारा घसरला की मण्याची वाढ थांबते. दिवस गरम आणि रात्र फार गार झाली की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते. त्याला पिंक बेरी म्हणतात, आणि असा माल निर्यातीत चालत नाही. म्हणून घड कागदात गुंडाळतात. तयार होत आलेल्या मण्यांना तडे जाण्याचीही भीती असते. मग पहाटे बागेत जागोजाग छाटणीच्या काड्यांच्या शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. आम्ही आयटीवाले ऑन-कॉल ड्युटीबद्दल कुरकुर करतो. मामाचा सर्व्हर आभाळाखाली उघडा पडलाय, आणि डाऊन झाला तर रीस्टार्ट पुढच्या ऑक्टोबरात.

गहू-कांद्याच्या पाण्याचं वेगळंच. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी चक्राने येते. रात्रीची पाळी असली की अंधारात बारं द्यायला जायचं, आणि बाजूच्या उसात बिबट्या असू शकतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावात कुठलीही मागणी विचारा, "दिवसा लाइट" ही वरच्या दोनांत असतेच.

आणि ही सगळी घाई कुणाच्या कॅलेंडरने? युरोपच्या बाजारात दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं संपत येतात आणि मे महिन्यात इजिप्तची सुरू होतात. मधल्या फटीत आपला माल शिरतो. त्या फटीपासून मागे मोजत आलं की ऑक्टोबरची छाटणी येते आणि डिसेंबरची पहाट येते. नियमही तिथलेच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, आणि इथल्या कित्येक घरांचं वर्ष वाया गेलं. गंमत बघा, वेलीवर चार अंशांपासून जपलेला हाच मणी तोडल्यावर मुद्दाम थंड करतात आणि जवळपास शून्य अंशाच्या कंटेनरमधून जहाजावर चढवतात. वेलीवर थंडी वाढ थांबवते म्हणून नको. तोडल्यावर तीच थंडी सडणं थांबवते म्हणून हवी.

पिकअपमधल्या बायका

आता त्या पिकअपकडे परत येऊ. त्यातल्या बऱ्याच बायका पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या. तिकडे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण पाणी डोंगरावरून वाहून जातं. भात-नागली निघाली की हिवाळ्यात शेतात काम उरत नाही, म्हणून टोळ्या इकडे येतात. काही जणी रोज ये-जा करतात. काही कुटुंबं हंगामभर बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. लहान पोर वेलीच्या तारेला बांधलेल्या झोळीत.

थंडी सगळ्यांवर सारखीच पडते, असं बातमीतला आकडा वाचून वाटतं. मामाला भीती मालाची. मामीला माल आणि घर दोन्हीची. शेडमधल्या बाईला त्या रात्री पोराच्या अंगावर काय घालायचं याची. मामाच्या घरात हे बोललं जात नाही असं नाही. मजुरीचा दर, शेडला दार, आंघोळीचं गरम पाणी, यावर दर हंगामात चर्चा होते आणि दरवर्षी थोडंथोडं सुधारतं. पण माल अडकला, भाव पडला की सगळ्यात आधी याच गोष्टी मागे पडतात.

माझा मुद्दा हा आहे. द्राक्षाचा इतिहास सांगताना आपल्याकडे नावं आहेत. ओझरची बाग आहे, थॉम्पसन आहे, कुरोसावा आहे. ते सगळे महत्त्वाचे. पण थॉम्पसनचा बारीक मणी १८ मिलीमीटरचा होतो तो कात्री धरलेल्या हातांमुळे, आणि त्या हातांची नोंद कुठेच नाही. जातं ओढणाऱ्या बायकांचा हिवाळा ओव्यांतून आपल्यापर्यंत पोचला, कारण त्या गायच्या आणि पुढे कुणीतरी येऊन ते टिपलं. विरळणीच्या ओळीत आज मोबाइलवर गाणी वाजतात. त्यात वाईट काही नाही, काम हलकं होतं. पण त्या स्वतः काय बोलतात ते वाऱ्यावर जातं.

म्हणून एक काम देते. तुमचं गाव निफाड असो, बागलाण असो, नाहीतर जुन्नर. या सुट्टीत घरी गेलात की फोनचं रेकॉर्डर चालू करा. आधी परवानगी विचारा, मग हे तीन प्रश्न: थंडीत तू किती वाजता उठतेस? आधी काय करतेस? तुझ्या आईचा हिवाळा कसा होता? घरच्या बाईला विचारा आणि शेतावर कामाला येणाऱ्या बाईलाही विचारा. मी आजीचं, मामीचं आणि सुरगाण्याहून येणाऱ्या दोन मावश्यांचं केलंय. एकूण चार तास. त्यातलं "पहिल्या दोन बोटांना कात्रीचा घट्टा पडला का हंगाम अर्धा झाला समजायचं" हे वाक्य मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं.

पुढच्या भागात लासलगावचा कांदा. तोवर ऐकत राहा, आणि कान झाकून झोपा!