सोनेगावची रात्रीची हवाई टपाल

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला भारतीय टपालाच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते तेथून चार महानगरांपर्यंतच्या अंतरांमुळे. हवाई रेषेने, म्हणजे रस्त्याची वा रुळांची वळणे वगळून सरळ मोजल्यास, नागपूरपासून मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८० किलोमीटर भरते. शहराच्या मध्यवर्तीपणाची खूण म्हणून झीरो माइलचा स्तंभ सर्वपरिचित असला, तरी त्या मध्यवर्तीपणाचा व्यवहारात सर्वांत चोख उपयोग केला तो ३० जानेवारी १९४९ रोजी, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेने.

योजना अशी की, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघावे, मध्यरात्रीनंतर चौघांनी सोनेगावला एकत्र यावे, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हावी आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परतावे. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. त्या थेट जोडायच्या तर दोन्ही दिशा धरून रात्रीला बारा उड्डाणे लागली असती, आणि दिल्ली-मद्रास हा सुमारे १७६० किलोमीटरचा पल्ला गाठण्यात डाकोटा विमानाची जवळजवळ सारी रात्र गेली असती. नागपूरमुळे हे काम चार विमानांत भागले.

अंतर कायम असले तरी उड्डाणकाळ मात्र कायम नसतो. ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या डाकोटाला मुंबईहून अडीच तास, तर कलकत्त्याहून साडेतीन तासांहून अधिक लागत, म्हणून एकाच सुमारास पोहोचायचे तर कलकत्त्याचे विमान आधी निघणे ओघानेच आले. त्यातही विमानाचा हवेतील वेग आणि भूवेग, म्हणजे वाऱ्याचा जोर धरून जमिनीच्या संदर्भात प्रत्यक्ष पडणारा वेग, यांत फरक असतो. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर कलकत्त्याचा प्रवास चाळीस मिनिटांच्या आसपास लांबतो. डाकोटाची कॅबिन दाबनियंत्रित नसल्यामुळे, म्हणजे उंचावरील विरळ हवेतही आत श्वसनयोग्य दाब राखण्याची सोय तीत नसल्यामुळे, पावसाळी ढगांच्या वरून निघून जाण्याचा मार्ग वैमानिकांना बंद होता. एका विमानाला झालेला उशीर उरलेल्या तिघांनाही भोवे, कारण प्रत्येकाच्या पोटात इतर तिन्ही शहरांच्या थैल्या असत. वेळापत्रकातील मिनिटांमागे अंधारात, ढगांतून विमान हाकणाऱ्या माणसांचे जे धैर्य होते, त्याची नोंद इतिहासाने आदराने घ्यावयास हवी.

१ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना लागू झाली आणि या सेवेचा लाभ सामान्य पत्रलेखकापर्यंत पोहोचला. आरंभी खासगी कंपन्यांकडे असलेली ही वाहतूक १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे आली. पुढे जेट विमानांनी मुंबई-दिल्ली हे सुमारे ११५० किलोमीटरचे अंतर दोन तासांच्या आत आणले, तेव्हा थैल्या वाटेत उतरवण्याचे कारणच उरले नाही, आणि सत्तरच्या दशकात सोनेगावची ही मध्यरात्रीची अदलाबदल थांबली.