सेवा, शर्ती आणि सातबारा



संगणकाच्या परिभाषेवर बोलायला कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस का उभा केला, असे तुमच्या मनात आले असेल. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कायद्याच्या पुस्तकांनी आणि वाचनालयांनी केले. पण व्याख्यांशी माझा संबंध जुना आहे. कामगाराच्या भांडणात निम्मे भांडण पगाराचे असते आणि निम्मे शब्दाचे. 'कायम' कोण, 'बदली' कोण, 'हंगामी' कोण, हे एकदा कागदावर ठरले की बाकीचा निकाल बहुधा त्यातच लागलेला असतो.

आजचा शब्द आहे 'डेटा सर्व्हिस'. यातील 'डेटा'ला कोणी 'विदा' म्हणतात, कोणी 'आधारसामग्री'. मी नोंदी म्हणेन. दुसरा शब्द 'सर्व्हिस', म्हणजे सेवा. केनवडसारख्या गावात सेवा म्हटले की देवाची सेवा आठवते, नाहीतर कर्ज देणारी सेवा सहकारी सोसायटी. शिक्षक सेवानिवृत्त होतात तीही सेवाच. आणि मोबाइलच्या कंपन्या ज्याला डेटा सर्व्हिस म्हणतात ती आपण रिचार्ज मारून घेतो. ती नुसती वाहतूक झाली. बैलगाडीला आतल्या पोत्यात काय आहे याच्याशी देणेघेणे नसते. मी बोलतो आहे ती सेवा पोत्यातला माल मोजून देणारी आहे. आम्हा संघटनावाल्यांना मात्र सेवा म्हटले की दुसराच शब्द सुचतो: सेवाशर्ती. माझे म्हणणे असे की संगणकवाले ज्या अर्थापर्यंत पोहोचले, त्याला हाच शब्द सर्वांत जवळचा आहे.

१९४६ साली आपल्या देशात औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी तो होता. त्याच्या उद्देशिकेत दोन गोष्टी होत्या: मालकाने नोकरीच्या शर्ती पुरेशा काटेकोरपणे ठरवाव्यात, आणि त्या कामगारांना कळवाव्यात. परिशिष्टात पहिलीच बाब कामगारांच्या वर्गवारीची होती, म्हणजे व्याख्येची. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते कलम असे की हे आदेश कारखान्याच्या दाराजवळ, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावले पाहिजेत. फाटकाशी उभे राहून अक्षर अक्षर लावत तो फलक वाचणारी माणसे मी पाहिली आहेत. मीही त्यांतलाच एक होतो. पुढे तो कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता संगणकाकडे येऊ. १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने नोंदींच्या मोठ्या भांडारांवर एक निबंध लिहिला. त्याचा सुरुवातीचाच मुद्दा असा की यंत्राच्या पोटात नोंदी कशा रचल्या आहेत हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नस यांनी हाच विचार कार्यक्रमांच्या बांधणीला लावला: आतले आत ठेवा, बाहेर फक्त ठरलेले तेवढे दाखवा. हे आपल्याला नवे नाही. वऱ्हाडात नोंदी पटवाऱ्याच्या दप्तरात असत. पुढे तो तलाठी झाला, आणि अलीकडे ग्राम महसूल अधिकारी. आपला जिल्हाही १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघून वाशीम झाला. माणसाचे पद बदलले, मुख्यालय बदलले, कापडी बस्त्याच्या जागी संगणक आला; मागणारा मात्र एकच शब्द बोलतो, 'सातबारा द्या', आणि त्याला तो मिळतो. आतले बदलले तरी मागण्याची रीत टिकली.

अशा अनेक यंत्रणा एकमेकींना मागून-देऊन काम करतील अशी जी बांधणी, तिला १९९६ मध्ये गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेतील रॉय शुल्ट आणि येफिम नॅटिस यांनी सेवाप्रधान रचना हे नाव दिले. नाव निघाले आणि बाजारात गोंधळ माजला. ज्याला जे विकायचे होते त्याला तो 'सेवा' म्हणू लागला. अखेर ऑक्टोबर २००६ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने व्याख्या केली. तिचा आशय असा: एखाद्या क्षमतेपर्यंत पोहोचण्याची यंत्रणा म्हणजे सेवा, ती ठरलेल्या दर्शनी रीतीनेच मागायची, आणि सेवेच्या वर्णनात लिहिलेले निर्बंध व धोरणे पाळून वापरायची. म्हणजे देणारा, मागणारा, मागण्याची रीत आणि वर्णन. या वर्णनालाच मी सेवाशर्ती म्हणतो. ही क्षमता नोंदी पुरवण्याची असेल, तर ती डेटा सर्व्हिस.

आपल्या राज्याने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. त्यातील सेवेसोबत जबाबदार अधिकारी आला, मुदत आली, दोन अपिले आली, वर आयोग आला आणि कसूर केल्यास दंड आला. संगणकवाल्यांच्या व्याख्येत अपील नाही. मला ही उणीव लहान वाटत नाही, कारण नोंदींची सेवा खोटे न बोलताही माणसाला नाही म्हणू शकते.

ते कसे, ते सातबारावरून पाहू. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाच्या नावावर आहे ते. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन नमुने एका कागदावर आले म्हणून सातबारा. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात बाराच्या बाजूला 'जमीन करणाराचे नाव' असा रकाना असे. तो नेहमी खरा भरला जाई असे मी म्हणणार नाही; बटईने दिलेल्या वावरातही मालकाचेच नाव लिहिलेले पुष्कळ पाहिले आहे. पण मालक निराळा आणि करणारा निराळा असू शकतो, एवढे तरी तो कागद मान्य करीत होता.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ती सोय मोठी आहे. तालुक्याला हेलपाटे घातलेल्या माणसाला तिची किंमत सांगावी लागत नाही. पण नोंदी यंत्रात गेल्यावर त्या इतर यंत्रणांनाही पुरवता येतात. मग एक यंत्र दुसऱ्याला विचारते, 'हा शेतकरी आहे काय?' उत्तर कोणत्या व्याख्येने द्यायचे? २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी या शब्दात जमीनधारकांबरोबर कुळे, बटईदार आणि शेतमजूरही घेतलेले होते. २०१९ मध्ये आलेल्या पीएम-किसान योजनेत, वर्षाला ६,००० रुपये द्यायचे म्हणताना, लागवडीलायक जमीन महसुली अभिलेखात नावावर असलेले कुटुंब धरले गेले. दोन्ही व्याख्या सरकारच्याच. पहिली धोरणाच्या पुस्तकात राहिली आणि दुसरी यंत्रात गेली.

बटईने सोयाबीन-तूर करणारी एक बाई माझ्याकडे आली होती. सात वर्षे तेच वावर ती करीत होती. एका कार्यालयाच्या खिडकीवर तिला 'नोंद आढळली नाही' एवढेच उत्तर मिळाले. खिडकीतल्या पोराचा दोष नव्हता, यंत्राचाही नव्हता. त्याला 'खातेदार कोण' एवढेच विचारायला शिकवले होते. ती मला म्हणाली, "भाऊ, मंग सात वर्स हे वावर कोन वाह्यलं?"

आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. लाभाची मागणी त्यात केली नाही. ती नियमात बसत नव्हती हे मलाही ठाऊक होते. अर्जात एवढेच विचारले, की तुमच्या यंत्रात 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या काय आहे ती मराठीत लेखी द्या, आणि ती खिडकीच्या बाहेर, वाचता येईल अशा ठिकाणी लावा. अर्ज देणाऱ्याची सही तिची आहे. पोचपावती माझ्या खिशात आहे, उत्तर अजून यायचे आहे.