ताप्ती व्हॅली रेल्वे

सुरतहून नंदुरबारमार्गे खानदेशात येणारा ब्रॉडगेज लोहमार्ग. आज तो सुरतेजवळच्या उधन्यावरून उधना–जळगाव मार्ग म्हणून ओळखला जातो. लांबी सुमारे ३०७ किमी. नंदुरबार जिल्ह्यात रेल्वे म्हणजे हीच.

मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीच्या पुढाकाराने निघालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने सुरत ते अमळनेर हा सुमारे २५० किमीचा मार्ग १९०० पर्यंत पुरा केला. अमळनेरपासून जळगावपर्यंतचा तुकडा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा. मार्ग ताप्ती व्हॅलीच्या मालकीचा असला तरी गाड्या चालवत असे बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे. या खटाटोपामागे मुख्यतः खानदेशचा कापूस होता. जळगाव–भुसावळला रेल्वे १८६० च्या दशकातच पोचली होती, पश्चिम खानदेश मात्र बैलगाडीवरच अवलंबून होता. रूळ आल्यावर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या बाजारगावांचा माल थेट सुरतेकडे जाऊ लागला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे स्थापन झाली आणि मार्ग तिच्याकडे आला.

नवापूर स्थानकाची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. ते बांधले तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात ही वेगळी राज्ये नव्हती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा राज्यांची सीमा नेमकी फलाटावरून गेली. सुमारे ८०० मीटर फलाटापैकी ३०० मीटर महाराष्ट्रात, ५०० मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. सीमेवरच्या बाकावर एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात असे रंगवलेले आहे. उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. हौशी प्रवासी त्या बाकावर फोटो काढतात. सीमेच्या दोन्ही अंगांना नातीगोती असलेल्या इथल्या आदिवासी कुटुंबांना मात्र ही रेघ फलाटावरही अडवत नाही आणि गावातही नाही.

शतकाहून अधिक काळ मार्ग बहुतांशी एकेरी होता. समोरची गाडी येऊन गेल्याशिवाय पुढे जाता येत नसे. क्रॉसिंगसाठी पॅसेंजर लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर घातली जाई आणि आधी मेल-एक्स्प्रेसला वाट मिळे. दुहेरीकरण व विद्युतीकरण झाल्यावर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यातील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याच वेळी भुसावळ–वांद्रे खानदेश एक्स्प्रेसला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. अहमदाबाद–चेन्नई नवजीवन आणि सुरत–छपरा ताप्तीगंगा या लांब पल्ल्याच्या गाड्याही येथूनच जातात. चिंचपाडा, खांडबारा अशा गावांचा खरा आधार मात्र पॅसेंजर आणि मेमू. रेल्वे प्रवासापलीकडेही कामी आली: एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नंदुरबार स्थानकात उभ्या केलेल्या विलगीकरण डब्यांत रुग्ण ठेवले गेले.

या मार्गाने नंदुरबारचे तोंड सुरतेकडे वळवले. दवाखाना, कापड, मजुरी, व्यापार यांसाठी जिल्ह्याची पावले आधी तिकडे पडतात. खानदेश एक्स्प्रेसने मुंबई गाठायची तरी वाट उधन्यावरूनच. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी नंदुरबार आणि नवापूर या दोनच तालुक्यांत रूळ आहेत. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी यांच्या वाट्याला रेल्वे अजून आलेली नाही. सातपुड्यातल्या, अक्राणी तालुक्यातील धडगावच्या माणसाला गाडी धरायची तर आधी घाट उतरून, तापी ओलांडून नंदुरबार गाठावे लागते.