नर्मदेतले गळाचे मासे आणि त्यांचे हंगाम

इंदूरहून बडवाह, मंडलेश्वर, महेश्वरला जाणारी आपली कुटुंबे घाटावरून माशांना पिठाच्या गोळ्या टाकतात. त्याच नर्मदेवर गळ घेऊन बसणारे हौशी सभासदही आपल्यात आहेत. दोघांच्याही उपयोगाची माहिती येथे एकत्र देत आहोत. इकडे बाजारात मासे हिंदी नावांनी ओळखले जातात, म्हणून तीही दिली आहेत.

बंदीचा काळ

मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. नदीशी संबंध नसलेले लहान तलाव यातून वगळलेले आहेत. पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, उथळ पाण्यात येतात आणि सहज हाती लागतात. इतर महिन्यांत आपण व्याज घेतो; या दोन महिन्यांत मात्र मुद्दलालाच हात लागतो.

महसीर (बाडस)

मोठे खवले, जाड ओठ आणि गळाला लागल्यावरची जबरदस्त ओढ ही याची ओळख. शास्त्रीय नाव टोर टोर. २०११ मध्ये हा मध्य प्रदेशचा राज्यमासा झाला. त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशा धरणांमुळे नदीचे लांब पट्टे साठ्याचे पाणी झाले आणि त्याची जागा आक्रसली. रोहूच्या मानाने तो अंडी कमी घालतो, तीही टप्प्याटप्प्याने, पावसाळा ओसरल्यावरही. म्हणजे बंदी उठली तरी त्याची वीण संपलेली नसते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की महसीर कोणत्याही महिन्यात लागला तरी सोडून द्यावा. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ काढावा आणि मासा स्वतःहून पोहू लागेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरावा.

रोहू, कटला, मृगळ (नरेन)

हे पुराच्या पाण्यात वीण करतात. साठलेल्या तळ्यात आपणहून करत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी कटक येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काने त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून तलावांसाठी बीज मिळू लागले. थंडीत हे मासे कमी खातात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मध्य जून हे चांगले दिवस. आमिष पिठाचे. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये आणि मृगळ तळाशी चरतो. गळाची खोली त्याप्रमाणे ठेवावी.

शिवडा (पढिन) आणि शिंगाळा (सिंघाडा)

दोन्ही बिनखवल्यांचे आणि मिशांचे. शिवडा मासेखाऊ असून त्याचे दात तीक्ष्ण असतात, म्हणून गळाजवळ तार लावावी. संध्याकाळनंतर तो जास्त हालचाल करतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे जपून हाताळावेत. दोघांसाठीही पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्याचे महिने बरे.

मरळ (सावल)

हा हवेतूनही श्वास घेतो, म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या उथळ तलावातही तग धरतो. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. पावसाळ्यात नर-मादी पिल्लांची राखण करतात. पृष्ठभागावर पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नये. पालक गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

वर्षाचा आढावा

ऑक्टोबर-नोव्हेंबर: पाणी निवळलेले, सर्व मासे खाण्यावर.
डिसेंबर-जानेवारी: थंडी, प्रतिसाद कमी, दुपारची वेळ बरी.
फेब्रुवारी ते १५ जून: मुख्य हंगाम.
१६ जून ते १५ ऑगस्ट: बंदी.
१५ ऑगस्टनंतर, सप्टेंबर अखेरपर्यंत: पाणी गढूळ आणि चढे, घाटावर जपून.

जलाशय आणि तलाव बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. गळ टाकण्यापूर्वी तिथे विचारून परवानगी घ्यावी. मुलांना बरोबर नेत असाल तर हा नियम त्यांच्यासमोरच पाळावा.