बारीचे बंदर आणि नळाचे पाणी

मध्यंतरी एक आई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावतच दवाखान्यात आली. आजोबांची चुन्याची पुडी हातात फुटून चुना मुलाच्या डोळ्यात उडाला होता. "डोळा धुतला का?" मी विचारले. "नाही डॉक्टर, आधी तुमच्याकडेच आणलं." मोलाची वीस मिनिटे रस्त्यात गेली होती.

अशा वेळी मला इटलीतील बारी बंदर आठवते. २ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी जर्मन विमानांनी तेथे बॉम्बहल्ला केला. बुडालेल्या जहाजांत 'जॉन हार्वे' हे अमेरिकी जहाज होते. त्यात मस्टर्ड गॅसचे सुमारे दोन हजार बॉम्ब गुपचूप आणलेले होते. नाव 'गॅस' असले तरी हे मुळात तेलकट द्रव रसायन. ते पाण्यावर पसरलेल्या तेलात मिसळले आणि जीव वाचवायला पोहणारे खलाशी त्यात माखून निघाले.

पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, हे रसायन लष्करी डॉक्टरांच्या परिचयाचे होते. उपायही ठाऊक होता: कपडे काढा, अंग धुवा. पण बारीच्या रुग्णालयांना रसायनाची कल्पनाच दिली गेली नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या खलाशांना तेलाने भिजलेल्या कपड्यांसकट ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवले. मस्टर्ड लगेच दुखत नाही. काही तासांनी डोळे सुजून बंद झाले, अंगावर फोड आले. अधिकृत नोंदीनुसार ६२८ जण बाधित झाले आणि ८३ दगावले. पुढे डॉ. स्ट्यूअर्ट अलेक्झांडर यांनी तपास करून कारण शोधले, पण त्यांचा अहवालही कित्येक वर्षे गुप्तच राहिला.

बारीने शिकवलेले आपल्या घरातही तितकेच खरे आहे.

१. रसायन लागलेले कपडे, दागिने ताबडतोब काढा. कोरडी पावडर किंवा चुना असेल तर आधी झटकून टाका. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

२. वाहत्या नळाखाली निदान वीस मिनिटे धुवा. डोळा असल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरा, बाधित डोळा खालच्या बाजूला ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. डोळा चोळू नका.

३. ॲसिडवर सोडा, चुन्यावर लिंबू असले प्रयोग नकोत. त्यातून उष्णता निर्माण होऊन इजा वाढू शकते. हळद, तूप, टूथपेस्टही नको.

४. धुऊन झाल्यावर रुग्णालय गाठा आणि बाटली किंवा पुडी सोबत आणा. काय लागले ते डॉक्टरांना कळलेच पाहिजे.

चुना, कॉस्टिक सोडा यांसारखे अल्कली ॲसिडपेक्षाही खोल शिरतात. डोळ्याच्या बाबतीत तर एकेक मिनिट मोलाचे.

त्या मुलाचा डोळा आम्ही आधी बराच वेळ धुतला, मग नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दृष्टी वाचली. पण दरवेळी नशीब साथ देईलच असे नाही. म्हणून आधी नळ, मग डॉक्टर!